डावीकडची भिंत

कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत बसून ती कपडे दुरुस्त करून द्यायची. कुणाची कंबर सैल कर, कुणाची बाही आखूड कर. गल्ली तिला कात्री म्हणायची, आणि ते शिलाईमुळे नव्हे, हे तिलाही ठाऊक होतं. गिऱ्हाइकाने कंबरेचं माप जरा कमी सांगितलं, की टेप लावता लावता ती विचारायची, "पोट घरी ठेवून आलात वाटतं?" गिऱ्हाईक चरफडायचं, पण पुन्हा तिच्याकडेच यायचं, कारण तिने घातलेली टीप उसवत नसे.

जगात तिला पटेल असं फार थोडं होतं. शेजारीण, दुकानदार, दीर, नणंद, सगळ्यांना तिने केव्हाच निकालात काढलं होतं. नवरा घरांना रंग देणारा. छताची कडा पट्टी न लावता नुसत्या ब्रशने सरळ ओढायचा, म्हणून त्याची ऐट. मिशीची ऐट तर त्याहून जास्त. "मिशीकडे बघता तितकं घराकडे बघितलं असतं तर..." हे वाक्य तिने कधी पुरं केलं नाही. तो आरशापुढे उभा राहून हसत असायचा, आणि तिचा राग तिथेच विरायचा. हे मात्र तिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

एका सकाळी त्याच आरशापुढे तो मटकन खाली बसला. तोंड वाकडं झालं, डावा हात लुळा पडला. तिने शेजाऱ्याच्या गाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकली होती. जीव वाचला. हळूहळू पायात बळ आलं, हातातही थोडं आलं, आणि बोलणं तर पहिल्यासारखं खणखणीत. तो चालत घरी आला, तेव्हा गल्लीने ठरवून टाकलं की रंगारी बरा झाला. गल्लीला ठरवायला काय जातं!

घरी पहिल्यांदा जेवायला बसला आणि त्याने ताट पुढे सरकवलं. "आजारी माणसाला एवढंच वाढतात का गं?"

ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून साफ. डावीकडचं सगळं जसंच्या तसं.

"हे काय मग? माझं कपाळ?" म्हणत तिने ताट गोल फिरवलं.

"हां, आता कसं वाढलंस!" तो खूश होऊन जेवू लागला.

दुसऱ्या दिवशी दाढी करून बाहेर आला तो अर्धाच. उजवा गाल तुळतुळीत, मिशी कोरलेली. डावीकडे खुंटांचं रान. "आरशात बघा की जरा," ती म्हणाली. "बघितलं. झकास झालीय," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा मागमूस नव्हता. तेव्हा मात्र ती घाबरली. चेष्टा करणारा नवरा तिला हाताळता येत होता. हे काहीतरी वेगळं होतं.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "डोळे उत्तम आहेत. पण त्यांचा मेंदू डावीकडच्या जगाची दखलच घेत नाही. आणि घेत नाही, हेही त्यांना कळत नाही. त्यांच्या लेखी ताट तेवढंच, चेहरा तेवढाच. आणि दिवसा झोपतात, तर झोपू द्या. जखमी मेंदूला साधं जेवणसुद्धा दमवतं."

पण घरात अकलेचे तारे तोडणाऱ्यांची रांग लागली होती. नणंद म्हणाली, "दादाने मनाचा निग्रह केला पाहिजे." कात्री म्हणाली, "तुमच्याकडे जास्तीचा असेल तर ठेवून जा." धाकटे दीर विमा कंपनीत साहेब होते. विमा विकता विकता त्यांना सगळ्या आजारांची माहिती झाली होती, असा त्यांचा समज. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्याला झोपवून झोपवून आळशी करताय. कामाला लावा. मेंदू आपोआप ताळ्यावर येतो."

"आणि तुमचा कधी यायचा भावजी?" ती म्हणाली. दीर उठून गेले, पण बेत सोडला नाही.

ती जिन्याखालच्या खोलीत शिवत बसली होती तेव्हा ते गाडी घेऊन आले, दादाला आपल्या घरी घेऊन गेले, हॉलच्या भिंतीसमोर उभं केलं आणि हातात ब्रश दिला. दादाही खुशीत गेला. संध्याकाळच्या आत फोन आला, "वहिनी, ताबडतोब या. दादा मुद्दाम नाटक करतोय."

ती पोचली तर हॉलमध्ये भिंत मधोमध दोन रंगांची. उजवा अर्धा भाग असा दिला होता की कुठे ब्रशची खूण सापडू नये. डावा अर्धा जुन्याच मळकट रंगात. रंगाचा डबा डावीकडे कलंडला होता, फरशीवर ओघळ पसरला होता आणि नवऱ्याचा डावा बूट त्यात बुडाला होता. त्याला पत्ताच नव्हता. तो काखेत ब्रश मारून उभा होता, अपमानाने लालबुंद.

"भिंत पुरी झालीय आणि हा मला चोर ठरवतोय," तो म्हणाला. "तूच सांग."

दीर ओरडले, "ही पुरी? आंधळा आहेस का? अर्धी भिंत कोण रंगवणार, मी?"

"तुम्हीच," कात्री म्हणाली. "डॉक्टरीणबाई घसा कोरडा करून सांगत होत्या तेव्हा तुम्ही फोनमध्ये बघत होतात. त्यांच्या मेंदूला जखम झालीय, म्हणून त्यांना अर्धंच दिसतं. तुम्हाला काय झालंय?"

तिने खाली बसून नवऱ्याचा बूट काढला, पाय पुसला आणि त्याला घरी आणलं. वाटेत तो एकच विचारत राहिला, "भिंत पुरी होती ना गं?"

मग दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी त्याला शिकवायला घेतलं. टेबलाच्या, वहीच्या, ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी. लाल दिसेपर्यंत मान वळवायची. कात्रीने त्याच्या डाव्या बाहीवर लाल फीत शिवली. ती मुद्दाम त्याच्या डावीकडे बसायची आणि तिकडूनच टोमणे मारायची. सुरुवातीला तो उजवीकडे शोधायचा. मग मान अर्धी वळायला लागली, मग पुरी.

आणि एके दिवशी दिराच्या घरावरून जाताना तो आपणहून आत शिरला. दिराने चिडून भिंत तशीच ठेवली होती. तो उजवीकडून डावीकडे बघत गेला, थांबला, आणि खुर्चीवर बसून लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर त्याने अंथरूण धरलं. आधी दिवसभर झोपणाऱ्याची झोपच उडाली. जेवेना, बोलेना. नणंद म्हणाली, "आता बरा झाला तर रडतोय का?" कात्री भडकली, "बरे झालेत म्हणूनच रडतायत! काय गेलंय ते आत्ता कळलं त्यांना. तुम्हाला अजून कळायचंय." तिने स्वतःच्या पद्धतीने त्यालाही डिवचून पाहिलं. तो नुसता भिंतीकडे तोंड करून पडला. तिची जीभ सगळ्या गल्लीवर चालायची, त्याच्यावर चालेना, आणि ती स्वयंपाकघराचं दार लावून हुंदके देत बसली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हेही दुखणंच आहे. मेंदूला इजा झाल्यावर मन असं खचतं. थोडं इजेमुळे, थोडं दुःखामुळे. गोळ्या देते, बोलायला माणूस देते. आणि झोप आधी सुधारू." गोळ्यांना वेळ लागला. मध्ये एक काळ असा आला की आता माणूस हातचा जातो असं तिला वाटलं. मग तो गाढ झोपू लागला. मग जेवू लागला. एका दुपारी मान वळवून त्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"काय बघताय?"

"केस पिकले की तुझे. अर्धी दिसत होतीस तेच बरं होतं."

तिने हातातलं पातेलं दाणकन ओट्यावर आदळलं आणि पोटभर हसली.

शिडी त्याला कायमची बंद झाली. आता तो एका सुताराच्या कारखान्यात खुर्च्या रंगवतो. खुर्ची फिरवता येते, हा तिचा गुण. दमला की डावी बाजू पुन्हा निसटते, म्हणून दुपारी त्याला झोपावंच लागतं. सुताराला हे खुपलं. "इथे काम होतं, शयनगृह नाही," तो एकदा म्हणाला. दुसऱ्या दिवशी कात्री कारखान्यात हजर. तिने आधी एक खुर्ची ओढून तिच्यावर बसून पाहिलं.

"पाय डुगडुगतोय," ती म्हणाली. "हे जागं राहून केलंत ना तुम्ही? मग माझ्या नवऱ्याला झोपू द्या. त्यांचं काम तरी धड होतं."

आता दुपारी सुतार स्वतःच रेडिओ बंद करतो.