वजनाइतकी संत्री

सौंसरच्या बसस्टँडवर नागपूरची बस लागली तेव्हा माझ्या एका हातात सूटकेस होती आणि कडेवर अडीच वर्षांची सानू. दोन्हींत जड कोण विचाराल तर सूटकेस. पोरगी नुकतीच न्यूमोनियातून उठली होती, कडेवर घेतलं की तिची हाडं मला टोचायची. नवऱ्याला पुण्यात नोकरी लागली होती, तो पुढे नागपूर स्टेशनवर आमची वाट बघत होता. इतर आया खिडकीखाली उभ्या राहून डोळे पुसतात, माझी आई मला दम देत होती. "पोरीले नीट खाऊ घालजो. पुढच्या खेपेला हाडं दिसली तर घरात नाही घेनार तुले. लोक म्हनतील, शहरात नेऊन उपाशी ठेवली." बाबांनी संत्र्यांची पिशवी खिडकीतून आत ढकलली आणि बस हलेपर्यंत गजावरचा हात काढला नाही.

आईचं ते बोलणं मी फारच मनावर घेतलं, हे आता कळतंय.

सौंसरपासून जवळच, रामाकोन्याजवळ बाबांचा संत्र्याचा बगिचा आहे. सानूच्या आजारपणात त्यांनी मारुतीला नवस केला होता, की पोरगी वाचली तर दरवर्षी आंबिया बहाराच्या तोडणीला तिच्या वजनाइतकी संत्री गावातल्या लेकरांना वाटीन. हा बहार दिवाळीच्या सुमारास तोडणीला येतो, म्हणून दिवाळी झाली की आम्ही जायचोच. बगिच्यातल्या कडुलिंबाला जुना तराजू टांगायचा, एका पारड्यात सानू, दुसऱ्यात संत्री. कॅरेट म्हणजे वीसेक किलोंचं खोकं. पहिल्या वर्षी अर्ध्या कॅरेटमध्येच पारडी बरोबर झाली आणि लेकरांच्या वाट्याला एकेकच संत्रं आलं. पाचव्या वर्षी पूर्ण कॅरेट लागलं. मग दीड, मग दोन. सानूचं पारडं धप्पकन खाली बसलं की तोडणीच्या बाया टाळ्या वाजवायच्या. आई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "आता कशी भरली पोरगी! पुन्याचं पानी मानवलं." आणि मी फुशारायचे, खोटं कशाला बोलू. पुण्यात माझं बरं चाललंय, याचा तेवढा एकच पुरावा मला दाखवता येत होता.

तुम्ही जे तिकडेच राहिलात त्यांना वाटत असेल, पुण्यात गेली म्हणजे सुखात गेली. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना माहीत आहे. लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये दिवसभर मी आणि पोरगी. खाली सोसायटीच्या बायका छान बोलायच्या, पण मी "स्वयंपाक करून राहिली" म्हटलं की एकमेकींकडे बघायच्या. मग मी खालीच जायचं कमी केलं, आणि माझ्याबरोबर सानूचंही खेळणं कमी झालं. शाळेची बस, ट्यूशन, टॅब्लेट. तिला कंटाळा आला की मी काहीतरी खायला करायचे. मला कंटाळा आला की आम्ही दोघी मिळून ॲपवरून मागवायचो.

पण कोल्ड्रिंक? कधीच नाही. आमच्या घरात ज्यूस, तोही घरच्या संत्र्यांचा. हंगामात बाबा नागपूरहून ट्रॅव्हल्सने दर आठवड्याला दोन कॅरेट पाठवायचे. पहाटे वाकडेवाडीला जाऊन नवरा ती उतरवून आणायचा. सकाळी एक मोठा ग्लास, शाळेतून आल्यावर एक, जेवताना एक. आंबट लागतो म्हणून वरून दोन चमचे साखर. हंगाम संपला की दुकानातला, खोक्यातला. संत्रेवाल्यांच्या पोरीला पाणी पाज म्हणून कोण सांगणार होतं मला!

सानू आठ-नऊ वर्षांची असताना तिच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा दिसायला लागला. मला वाटलं, मळ. आईला फोनवर सांगितलं तर तिने संत्र्याच्या साली वाळवून, कुटून, उटण्याचा डबाच पाठवला. दर रविवारी मी सानूला स्टुलावर बसवून मान घासायचे. एकदा इतकी घासली की साल निघाली. "आई, तो मळ नाहीये गं," ती रडत म्हणाली. मी म्हटलं, गप बस. पट्टा जात नव्हता, उलट काखेतही उतरत होता, आणि मी डब्यातलं उटणं वाढवत होते. हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

मग तिच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. दोन जिने चढली की बसायची. एकदा संडासात फेस दिसला. पाणी ओतलं तरी तो राहिला. मला वाटलं, फरशी धुवायचं लिक्विड असेल. आठवडाभर मी लिक्विडला दोष देत होते.

डॉक्टरीणबाईंनी सानूचं पोट बघायच्या आधी केस बाजूला करून मान बघितली. हा मळ नाही, अंगात साखर नीट जिरत नसल्याची खूण आहे, म्हणाल्या. सोनोग्राफी, रक्त, लघवी, पुन्हा लघवी. तिच्या लिव्हरवर चरबी चढली होती. मी म्हटलं, "आमच्या घरात दारूचा थेंब कोणी घेत नाही." त्या म्हणाल्या, "त्याला दारू लागत नाही. ती पिते काय?" मी ताठ मानेने सांगितलं, "फक्त ज्यूस. आमच्या स्वतःच्या बगिच्यातला." किती ग्लास, साखर घालता का, किती वर्षं. प्रत्येक उत्तराला त्यांचं पेन थोडं थांबायचं. एका ग्लासात चार-पाच संत्र्यांची साखर एकदम जाते, चोथा मागे राहतो, त्या सावकाश समजावत होत्या. नुसतं संत्रं सोलून खाल्लं तर चालेल. मग त्यांनी दुसरा कागद पुढे ओढला. लघवीतून प्रोटीन जात होतं, संडासातला फेस त्याचाच होता. किडन्यांवर ताण आला होता. "लिव्हर या वयात पुन्हा बरं होऊ शकतं. वजन उतरवा. किडनीचं मी आज नक्की सांगणार नाही. दर तीन महिन्यांनी बघू." सानू शेजारीच बसून सगळं ऐकत होती. रिक्षात तिने एकच विचारलं, "आजोबांना सांगणार आहेस?"

नाही सांगितलं. माणूस ज्या हाताने जीव लावतो, त्याच हाताने हे झालं, हे बापाला कसं सांगायचं? हंगाम सुरू होताच ट्रॅव्हल्सने पुन्हा कॅरेट यायला लागली. मी ती सोसायटीत वाटून टाकायचे आणि फोनवर म्हणायचे, गोड निघाली बाबा.

मागच्या दिवाळीनंतर आम्ही गेलो. सानू अकरा वर्षांची. पाच महिने तिने ज्यूसला हात लावला नव्हता, रोज माझ्याबरोबर तास-तासभर चालली होती. बाबांनी कडुलिंबाखाली साडेतीन कॅरेट आधीच मांडून ठेवली होती, गेल्या वर्षी तीन लागली होती म्हणून. सानू पारड्यात बसली. पावणेतीन कॅरेट झाली आणि तिचं पारडं वर उठलं.

कोणी टाळी वाजवली नाही. आईचा चेहरा पडला. "काऊन व सुकली पोरगी? खाऊ नाही घालत काय?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात सानूच पारड्यातून बोलली. "आजी, मी आजारी आहे. माझ्या लिव्हरवर चरबी आहे आणि किडनीतून प्रोटीन जातंय. ज्यूसमुळे पण."

तोडणीच्या बाया एकेक करून उठून झाडांकडे गेल्या. आईने सानूला हाताला धरून पारड्यातून उतरवलं. बाबांनी उरलेल्या कॅरेटकडे बघितलं. मग मला म्हणाले, "म्हनजे आम्ही पाठवून राहिलो होतो, अन् तू पाजून राहिली होती." त्यांना राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी एक संत्रं सोललं, अर्ध्या फोडी सानूच्या हातावर ठेवल्या. "चावून खाय, बेटा. हळू खाय." दुसऱ्या दिवशी मारुतीसमोर जाऊन ते काय बोलले ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. पण कडुलिंबाचा तराजू त्यांनी उतरवून ठेवला.

आता कॅरेट येत नाहीत. पूर्वी मला घर म्हणजे ती बस आणि खिडकीखालचा तो दम आठवायचा. आता घर म्हणजे रोज सकाळी साडेसातला येणारा बाबांचा फोन. आयुष्यभर कमी बोललेला माणूस. आधी तो विचारायचा, पोरगी जेवली काय. आता विचारतो, "आज फेस होता काय व?"

दोन महिने मी 'नाही' म्हणत होते आणि ते खरं होतं. पुढची तपासणी सोमवारी आहे. आज सकाळी सानूने मला बाथरूममधून हाक मारली, मी जाऊन बघितलं. पाणी टाकलं, पुन्हा बघितलं. फेस राहिलाच होता.

साडेसात वाजलेत. फोन वाजतोय. सानू दारात उभी राहून माझ्याकडे बघतेय.