प्लेटवर फोडलेला नारळ

त्या खंडेनवमीची आठवण आली की आजही मला शिसारी येते.

नव्वदच्या दशकात मी साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात तपासणीला होते. जवानांच्या बुलेटप्रूफ जॅकेटात घालायच्या चिनी मातीसारख्या पांढऱ्या प्लेटा तिथे भट्टीत भाजल्या जात. बाजारात बायका मडकं वाजवून घेतात, तशी मी प्रत्येक प्लेट बोटाने वाजवायचे. खणखणीत वाजली तर पेटीत, बद्द वाजली तर बाद.

आमच्या जुन्या फोरमननी एकदाच, पण नीट समजावलं होतं. खिळा पाट्यावर ठोकला की टोक मुडपतं, तशी गोळी या कठीण अंगावर बोथट होते, फुटते. प्लेटही तिथे फुटते, पण फुटता फुटता गोळीचा जोर पसरवून टाकते. उरलेले तुकडे मागचं जाड कापड अडवतं. मात्र प्लेटला आधीच तडा असेल तर ती गोळी बोथट व्हायच्या आतच हार खाते. माझा थोरला भाऊ तेव्हा फौजेत, काश्मीरात होता, त्यामुळे हे मला पाठ करावं लागलं नाही.

तर खंडेनवमी. यंत्रांना झेंडू, हळदकुंकू. कुणीतरी टूम काढली की देशाचं काम आहे, नारळ प्लेटवरच फोडू. मालकांनी लोखंडी टेबलावरची प्लेट पुढे ओढली, तिला कुंकू लावलं आणि नारळ आपटला. फुटेना. तिसऱ्या फटक्याला फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी तीच प्लेट वरवर पुसून माझ्यापुढे आली. वाजवली तर बद्द. वरून शाई ओतून फडक्याने पुसली, तर केसाएवढ्या तड्याची निळी रेघ उरली. मी ती मालकांना दाखवली. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. देवाची पूजा झालेली वस्तू बाद करायची नसते, म्हणाले; उलट जो घालेल त्याचं भाग्य. त्यांच्या तोंडात अजून खोबरं होतं.

"मालक, तुमच्या पोराच्या छातीवर बांधशिला का ही?" मी विचारलं.

"त्याचा काय संबंध? पेटीत भरा, बाई."

बाकीच्या बायका माना खाली घालून प्लेटा मोजत राहिल्या. मी ती प्लेट डोक्याच्या वर नेली आणि फरशीवर आपटली. बरोबर त्या निळ्या रेघेवर तिचे दोन तुकडे झाले. रेघ सगळ्यांना दिसली, मालकांनाही. एक तुकडा शेजारणीच्या पायाला लागला, तशी तिने वाकून तो उचलला, कपाळाला लावला आणि मला म्हणाली, "पाप केलंस गं."

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर गेले नाही. त्या सगळ्यांची किळस आलीच, पण एक गोष्ट मी भावालाही कधी सांगितली नाही. शाई ओतण्याआधी त्या प्लेटवरचं उरलेलं कुंकू मी बोटाने टिपलं होतं आणि आपल्या कपाळाला लावलं होतं.