कमलकाकी आणि अरब बायकांचं पुस्तक

कमलकाकी गेल्याचा चुलतभावाचा फोन आला. "दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही," तो म्हणाला. वय झालं होतं. मला रडू आलं नाही. मात्र त्यानंतर कितीतरी दिवस १९७० सालच्या आसपासचं आमचं दोंडाईच्याचं घर आठवत राहिलं...

घर मिरचीच्या व्यापाऱ्याचं, मारवाडी जैन. सुना सासऱ्यांसमोर घुंघट घेत आणि त्यांच्याशी कधीच बोलत नसत. काही सांगायचं झालं तर मुलांमार्फत. काकी माहेरची जळगावची, मराठी सातवी झालेली. मी धुळ्याला नातेवाइकांकडे राहून कॉलेज करत होते. एका शनिवारी मी कॉलेजच्या ग्रंथालयातून एक इंग्रजी पुस्तक घरी आणलं. अरब देशांतल्या बायकांच्या हक्कांविषयी तिकडच्याच एका शिक्षिकेने लिहिलेलं. काकी म्हणाली, "मला मराठीतून सांग." मग दर शनिवारी-रविवारी दुपारी मी वाचून सांगायचे आणि ती मिरच्यांचे देठ खुडत ऐकायची. बैठकीत बसलेल्या दादाजींनाही, म्हणजे माझ्या आजोबांना, ते ऐकू जाई. न विचारता लग्न ठरवलेली मुलगी, घराबाहेर पडायला धाकट्या भावाची परवानगी मागणारी बाई... ते हळहळत. "ऐका, तिकडे बायकांना माणसात धरत नाहीत," असं आम्हाला सांगत. आपल्या घराविषयी त्यांना समाधान वाटत असावं. काकीचं लक्ष दुसरीकडेच असे.

"या बायका हे सगळं उघड लिहितात? त्यांच्या घरी चालतं?"

"चालत नाही. तरी लिहितात."

"वाच पुढे," ती म्हणाली आणि तिने पुढची मिरची उचलली.

पुस्तक निम्मं झालं असताना दादाजींनी माझं लग्न ठरवलं. मुलगा शहाद्याचा, दुकान चांगलं. कॉलेज सोडणं ओघाने आलंच. वडील दादाजींपुढे तोंड उघडणारे नव्हते. मी स्वयंपाकघरात रडत बसले होते. काकी उठली, घुंघट पुढे ओढला आणि बैठकीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बासा, पुस्तकातल्या त्या मुलीला कुणी विचारलं नाही म्हणून तुम्ही हळहळलात. हिलाही कुणी विचारलेलं नाही."

लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांशी ती पहिल्यांदाच बोलत होती. दादाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्या वडिलांना म्हणाले, "सुनेला आत जायला सांग."

त्या दिवसापासून त्यांनी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. घरात मोठ्याने वाचणं बंद झालं. काकाही कित्येक महिने तिच्याशी तुटक वागले. पण शहाद्याला दादाजींचा निरोप गेला, आधी मुलीची परीक्षा होऊ द्या. मुलाकडचे थांबायला तयार नव्हते. स्थळ मोडलं. मी बी.ए. झाले आणि पुढे धुळ्यातच नोकरीला लागले.

उरलेलं पुस्तक आम्ही एसटी स्टँडच्या बाकावर संपवलं. सोमवारी काकी मला पोचवायला येई. धुळ्याची गाडी लागली की म्हणे, "ही जाऊ दे. पुढच्या गाडीने जा." तिथेच एकदा मी तिला विचारलं, वाईट वाटतं का?

"वाटतं," ती म्हणाली. "बोलले नसते तर जास्त वाटलं असतं."

दादाजींनी शेवटपर्यंत ते पाणी नाकारलं, आणि तिनेही माफी मागितली नाही.

परवा दोंडाईच्याला गेले होते. काकीच्या खोलीत तिच्या पलंगावर तिची नातसून मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती. मी आत गेले तरी ती उठली नाही. पाय आखडून तिने मला जागा करून दिली आणि वाचत राहिली.