साडूंचा हिरवा

माझ्या साडूंनी आयुष्यात एकाही वस्तूला नुसतं निळं किंवा नुसतं हिरवं म्हटलेलं नाही. निळा, हिरवा, लाल ही त्यांच्या मते रंगांची नावंच नव्हेत. माणसाला रंग ओळखता आला नाही, याची ती कबुली आहे. आकाश त्यांना कधी शाळेच्या शाईत पाणी घातल्यासारखं दिसतं, कधी धुऊन विटलेल्या लुगड्यासारखं. ताटातल्या कारल्याच्या भाजीकडे बघून ते "आज जरा पोपटीकडं झुकलीय" म्हणतात आणि माझी मोठी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, "चव सांगा, चव!" म्हणत कपाळावर हात मारते. गेली कित्येक वर्षं आमचं अख्खं कुटुंब या माणसाच्या रंगांपायी हात टेकून बसलं आहे. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना त्यातून सोडवलं, तेव्हा जे झालं, त्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही.

गुलमंडीच्या एका बोळात त्यांचं मॅचिंग सेंटर आहे. बायका साडी घेऊन येतात आणि तिला जुळणारं ब्लाउजचं कापड, अस्तर, फॉल घेऊन जातात. साडूंची पद्धत ठरलेली. ट्यूबलाइटखाली रंग बघायचा नाही. साडी हातात आली की काउंटरची फळी उचलून ते बाहेर येणार, भर रस्त्यात उन्हात उभे राहणार, पदराचं टोक आभाळाकडे धरणार, मागं रिक्षावाला हॉर्न वाजवून त्यांचा उद्धार करणार, आणि मग आत जाऊन छतापर्यंत रचलेल्या ताग्यांतून ते नेमका एक तागा ओढणार. तो जुळायचाच. ही उन्हाची सवय त्यांनी दुकानापुरती ठेवली असती तर आमच्यावर उपकार झाले असते. माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही पैठणला गेलो होतो. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, सगळे शिष्टाचारानं सतरंजीकडे बघत बसलेले, आणि साडू एकदम म्हणाले, "बाई, जरा दारात उन्हात येतीस का?" मुलीचा बाप गोरामोरा झाला. आईनं तिथंच पदर खोचला. "गोरी का काळी ते उन्हात नेऊन बघता व्हय? पोरगी हाय का बाजारातला बैल?" साडू बापडे तिच्या साडीचा मोरपंखी खरा की खोटा, एवढंच बघायला निघाले होते. ते स्थळ अर्थातच गेलं. परतीच्या एसटीत त्यांच्याशी कुणी अवाक्षर बोललं नाही. बऱ्याच वेळानं ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पण पाहुणे, मोरपंखी नव्हताच तो."

अशा माणसाच्या हातात एक दिवस इलेक्ट्रिक गिटार पडली. छावणीत राहणारे एक म्हातारे वादक, एका हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात हयात गेलेली, गिटारीला खोळ शिवायची म्हणून कापड घ्यायला दुकानात आले. गिटार अमेरिकेतल्या कारखान्यातली. लेणी बघायला आलेला कुणी गोरा पाहुणा खूश होऊन त्यांना देऊन गेलेला. साडूंनी ती उन्हात नेली आणि ते आत यायचंच विसरले. म्हाताऱ्यांचा चहा पिऊन झाला, दुसरा झाला, तरी हे आपले रस्त्यात उभे. म्हाताऱ्यांची बोटं आता आखडली होती. ते बाहेर आले, साडूंकडे बघत राहिले आणि म्हणाले, "रख लो सेठ. मेरे कने तो गिलाफ में इच पडी रहती. तुम देखते तो हो." साडूंना सा की रे कळत नाही. गिटारीच्या दोन तारा तुटलेल्या होत्या, त्या आजही तुटलेल्याच आहेत.

पुढचा घात मोबाइलनं केला. त्यात त्यांना समजलं की त्या गिटारीच्या कंपनीनं एके काळी मोटारींचे रंग गिटारींना दिले होते, त्यातले काही अगदी थोडे दिवस चालले, आणि फोटोवरून असा दुर्मीळ रंग ओळखण्यासाठी जगभरातली शिकलीसवरलेली माणसं एका ग्रुपवर जमून हातघाईवर येतात. साडूंना आपली माणसं सापडली. हे ओळखणं सोपं नसतं. कारखान्यात रंगावर एक पारदर्शक थर देतात. उन्हानं, सिगारेटच्या धुरानं, नुसत्या वयानंही तो पिवळा पडत जातो. मग पांढरी गिटार सायीसारखी दिसते आणि फिकी निळी चक्क हिरवी. म्हणून पुढची स्क्रूंनी बसवलेली प्लास्टिकची पाटी काढायची. तिच्याखाली ऊन पोचलेलं नसतं, तिथं मूळ रंग टिकून असतो. हे मी झोपेतही सांगू शकतो, कारण ग्रुपवरचं त्यांचं इंग्रजी मी लिहायचो. कुठल्याशा थंड देशातून फोटो आला की चिकलठाण्याला माझ्या घरी बोलावणं यायचं. साडू फोटो आडवातिडवा करून बघायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "लिहा पाहुणे. कच्च्या कैरीत कोयीला लागून आसतो, तो हिरवा. वरून ताक शिंपडल्यागत. पण उन्हाळ्यातलं ताक, पावसाळ्यातलं नाय."

मी लिहायचो: ग्रीन.

"एवढं बोललो अन् एकच शब्द?"

"इंग्रजीत तेवढ्यात मावतं, साडूभाऊ."

तरी त्यांचा शब्द तिथं चालू लागला. लोक त्यांना अंकल म्हणत, आणि अंकलनी पाटी काढून बघा म्हटलं की सातासमुद्रापलीकडचा माणूस मुकाट्यानं स्क्रू ड्रायव्हर शोधायला जाई.

त्यांची स्वतःची गिटार मात्र वादापलीकडची. कंपनीचा सगळ्यांत कमी निघालेला फिका हिरवा, असा त्यांचा निकाल. ग्रुपवर तिचा फोटो त्यांनी कधीच टाकला नाही; "पोरीचा फोटो चव्हाट्यावर लावतं का कुणी?" पण पाटी काढून मला दाखवली होती. वर हिरवी, खालीही हिरवी, म्हणजे पिवळ्या थराची करामत नव्हे, अस्सल. मी म्हणालो, "मला तर निळी दिसते." त्या दिवसापासून रंगांच्या बाबतीत मी समाजातून उठलो. माझी लायकीही तेवढीच म्हणा. एक काळी आणि एक तपकिरी चप्पल घालून मी विम्याच्या ऑफिसात दिवसभर वावरलेला माणूस आहे, आणि माझे शर्ट बायको निवडते ते प्रेमापोटी नव्हे, अब्रूखातर. "पाहुणे, तुम्ही आपलं विम्याचं बघा," साडू म्हणाले. ताईंनाही, म्हणजे माझ्या मेव्हणीलाही, ती निळीच दिसायची. पण संसार टिकावा म्हणून त्यांनी हिरवी मान्य केली होती.

हळूहळू दुकानात कुरबुरी सुरू झाल्या. नेलेली कापडं परत यायला लागली.

"काका, आकाशी मागितलं होतं. हा पिस्ता दिलाय तुम्ही."

"मावशी, ट्यूबलाइटखाली बघितलं आसंल."

"उन्हात बघितलं की. तुम्हीच नेलं होतं ना बाहेर!"

साडूंनी आधी दिव्यांना दोष दिला, मग सुरतेच्या गिरण्यांना, मग एकंदर स्त्रीजातीला. जुनी गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानाच्या पायऱ्या चढू लागली. कळस झाला तो त्यांच्या लेकीच्या लग्नात. ताईंच्या निळ्या पैठणीवर त्यांनी स्वतः उन्हात नेऊन जुळवलेलं ब्लाउज होतं, आणि ते हिरवट होतं. अख्खा मांडव बघत होता. ताई ते घालून दिवसभर हसतमुखानं वावरल्या. माझ्या बायकोला मात्र ते सोसेना. वरात गेल्याबरोबर ती म्हणाली, "दाजी, डोळे दाखवा."

"माझे डोळे? ह्या डोळ्यांवर घर चाललंय, बाई!"

तरी आम्ही त्यांना धरून नेलंच. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे तपासलं. "काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. भिंग पिवळं पडलंय. इतके दिवस तुम्ही जणू पिवळ्या काचेतून बघत होता. निळा रंग नीट आत पोचतच नाही, हिरवट दिसत असणार."

आता हे भांडणार, म्हणून मी सावरून बसलो. पण पिवळ्या थराची हीच गोष्ट ज्या माणसानं साऱ्या जगाला सांगितली, त्याला ती दुसऱ्यांदा समजावायची गरज नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, "कवापासून?"

"हळूहळू होतं काका. ज्याचं त्याला कळत नाही."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. पट्टी निघाली त्या दिवशी गॅलरीत खुर्ची टाकून ते बसले आणि मला म्हणाले, "आणा तिला." मी गिटार उन्हात धरून उभा राहिलो. त्यांनी उजवा डोळा झाकला, बघितलं. डावा झाकला, बघितलं. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. ताई चहाचा कप घेऊन दारातच थांबल्या.

"निळी हाय," साडू म्हणाले.

या दोन शब्दांची मी किती वर्षं वाट बघत होतो! त्या प्रसंगासाठी राखून ठेवलेले टोमणे माझ्यापाशी होते, एकाहून एक सरस. त्यातला एकही आठवेना. गिटार खाली ठेवू की तशीच धरू, हेही कळेना.

त्यानंतर दुकानाचं शटर वर गेलंच नाही. एक दिवस त्यांनी ताईंना ती पैठणी आणि ते ब्लाउज आणायला लावलं. मांडीवर दोन्ही शेजारी ठेवून बघितली. "हे घालून दिवसभर हिंडलीस?"

"मग काय झालं? जेवण झकास झालं होतं की लग्नातलं."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही उन्हात नेऊन आणलं होतं ना."

 तिसऱ्या दिवशी साडूंनी मला बोलावून घेतलं. "लिहा ग्रुपवर. मागचे सगळे निकाल रद्द. डोळे खराब होते." यावेळी त्यांनी कैरी, ताक काहीच सांगितलं नाही आणि मला प्रथमच शब्द कमी पडले. मी जमेल तसं लिहिलं. लोकांनी बिचाऱ्यांनी प्रेमानं उत्तरं दिली. एकानं लिहिलं, अंकलनी हिरवी म्हटल्यापासून मलाही माझी हिरवीच दिसते, आता ती निळी कशाला करू? मला वाटलं, हे वाचून त्यांना बरं वाटेल. मराठी करून सांगितलं.

"म्हणजे मी त्याला बी आंधळा केला," साडू म्हणाले, आणि मोबाइल उशीखाली सारला.

डाव्या डोळ्याची तारीख आली आणि गेली. ते हलायला तयार नव्हते. ताई रडल्या, लेक सासरहून येऊन रागावली, माझ्या बायकोनं अबोला धरला. उपयोग शून्य. "उजवा तुमचा. डावा माझा." कारण उघड होतं. आता तो हिरवा फक्त त्या एका डोळ्यात उरला होता. तिथलं भिंग काढलं की तो जगातून गेला. रोज सकाळी उजव्या डोळ्यावर तळहात धरून ते गिटारीसमोर बसत. एकदा माझाही तोल गेला. "साडूभाऊ, तो रंग नव्हताच. तो आजार होता!"

"आसंल. पण तुम्ही बघितला नाय ना तो."

 मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं, माझ्यानं होत नाही.

शेवटी त्यांना कुणी पटवलं नाही, डोळ्यानंच पटवलं. एका सकाळी मी गेलो तर हात बाजूला करून बसलेले. "पाहुणे, हिरवा बी मळायला लागला. डबक्यागत झालाय. परवा बघितला त्याच्याहून आज काळा." पिकत चाललेलं भिंग तो रंगही गिळायला लागलं होतं. ठेवला तरी जाणार, काढला तरी जाणार. "आसा मरताना नाय बघायचा मला," ते म्हणाले, आणि स्वतःच उठून सदरा घालू लागले.

दुसरं ऑपरेशनही नीट झालं. काळा चष्मा उतरला. आता ते लांबूनच बसची पाटी वाचतात, ताईंच्या नजरेतून सुटलेला भातातला खडा शोधून काढतात. सगळे म्हणतात, सुटले बुवा. मीही म्हणत होतो. मग एका दुपारी त्यांचा फोन आला, "दुकानात या."

शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेलो तर पाय ठेवायला जागा नाही. छतापर्यंतचे तागे खाली उतरवलेले. पिस्ता, पोपटी, शेवाळी, मेंदी, जमिनीवर, काउंटरवर, खुर्चीवर. मधोमध साडू. एकेक तागा उलगडत होते, बाहेर उन्हात नेत होते, डोळे किलकिले करून बघत होते आणि आत आणून टाकत होते.

"काय शोधताय?"

"तो. आठवतोय तवर जुळवून ठेवतो." त्यांचा आवाज घाईचा होता. "दिवसागणिक आठवण बी निळी व्हायला लागलीय, पाहुणे. काल अंथरुणात डोळे मिटले तर निळीच आली समोर."

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मदतीला लागलो. म्हणजे तागे उचलून देऊ लागलो. कुठला द्यायचा हे मला कळायचं काही कारण नव्हतं. तो रंग मी पाहिलेला नाही, ताईंनी नाही, त्या म्हाताऱ्या वादकानं नाही, कारखान्यात ज्यानं गिटार रंगवली त्यानंही नाही. एक बाई साडी घेऊन दारात आली, आतला पसारा बघून "नंतर येते काका" म्हणून निघून गेली. साडूंचं लक्षही गेलं नाही. "ह्यो नाय. ह्यो बी नाय. ह्याच्यात ऊन जास्त झालं."

ऊन कलायला लागलं होतं. ढिगाच्या तळाशी पडलेला एक तागा मी उगीच ओढला, धूळ झटकली आणि त्यांच्या हातात दिला. ते तो घेऊन रस्त्यावर गेले. बराच वेळ उभे राहिले. कापड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, डोळे मिटले, उघडले. मी शटरखालून वाकून बघत होतो. मागं रिक्षा येऊन थांबली, पण त्या रिक्षावाल्यानं का कोण जाणे, हॉर्न वाजवला नाही.

"जवळ हाय," साडू आत येत म्हणाले. ते खरंच होतं की माझं मन राखायला, मला सांगता येणार नाही. "लई जवळ हाय, पाहुणे. पण तो नाय."

आणि तो तागा इतरांत न टाकता त्यांनी काउंटरच्या एका कोपऱ्यात वेगळा ठेवला, आणि पुढच्यासाठी हात पुढं केला.