शनिवारची परीक्षा

आमच्या मंडळीतले किस्से सांगायला बसलो की बायको आतून ओरडते, "अहो, देवाघरच्या गोष्टी तरी जरा धुऊन सांगा!" धुवायचं काय त्यात? चर्चच्या पत्र्यावर चिंचेची पानं साठतात, तसे हे साठत गेले. वर चढून झाडायचं कुणी? एक दिवस पन्हाळ तुंबते आणि सगळं एकदम खाली येतं.

आधी आमची रीत सांगतो. नेकनूरजवळचं गाव, त्यात वीस-पंचवीस ख्रिस्ती घरं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. पण आदल्या शनिवारी परीक्षा! रविवारी ज्याला मेजापाशी यायचंय त्यानं पंचांसमोर बसायचं, आणि पंचांनी विचारायचं, "तुमचा विश्वास खरा आहे का?" पास झाला त्याला तुकडा. नापास झाला त्यानं मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांची तोंडं हलताना बघायची.

पंच दोन. एक शिमोन मास्तर, दुसरा मी. माझा धंदा मंडपाचा. मला पंच कावून केलं? चर्चमधल्या खुर्च्या माझ्या होत्या म्हणून!

नवे पाळकसाहेब आले तेव्हा त्यांनी भाबडेपणानं विचारलं, "आणि पंचांची परीक्षा कोण घेतं?"

मास्तर म्हणाले, "साहेब, पेपर काढणाऱ्यानं पेपर सोडवायचा असतो का?"

* * *

मास्तर शाळेत सुदाम, मंडळीत शिमोन. नोकरी जातीच्या दाखल्यावर. कागदावर धर्म बदलला की दाखला जातो आणि दाखल्यामागून नोकरी. आमच्या आळीतल्या निम्म्या घरांची हीच गत, त्यामुळे हसायचा हक्क कुणालाच नाही. तरी ऐका.

एकदा निरोप आला, पडताळणीचे साहेब घरी येणार. मास्तरांनी भिंतीवरचा लाकडी क्रूस काढून पिठाच्या डब्यात खुपसला. शेजारणीकडून गणपतीचा फोटो आणून त्याच खिळ्याला लावला. साहेब आले, चहा घेतला, आणि भिंतीकडे बघतच राहिले. मग आम्हीही बघितलं. वीस वर्षांच्या चुलीच्या धुरानं भिंत काळीभोर, आणि फोटो बारका. क्रुसाच्या जागेचे पांढरे हात फोटोच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले!

साहेब भला माणूस. उठता उठता म्हणाले, "मास्तर, फोटो जरा मोठा घ्या."

मास्तरांनी घेतला. क्रूस डब्यातच राहिला. मास्तरीणबाई म्हणायच्या, "काय बिघडलं? भाकरी थापताना रोज भेटतोय की!"

* * *

ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस होते. पाळकसाहेबांनी पांढराशुभ्र सदरा घालून उपदेशात बजावलं, "ज्याचा जिभेवर ताबा नाही, त्याच्या विश्वासाचं काय सांगावं? मटण बंद!"

मी बांबू आणायला मांजरसुंब्याला गेलतो. ढाब्यावर भिंतीकडं तोंड करून बसलेली एक पाठ ओळखीची वाटली. मास्तर! पुढ्यात लालभडक रस्सा.

घास न सोडता त्यांनी विचारलं, "तुमी कावून आलात हितं?"

"तुमची परीक्षा घ्यायला."

"मग बसा. लांबणार हाय परीक्षा."

बसलो. दोन वाट्या लांबली. हात धुताना ढाबेवाला म्हणाला, "आज तुमच्या गावची लई गिऱ्हाईकं! ते पांढऱ्या सदऱ्यातले साहेब आत्ताच पार्सल घेऊन गेले."

त्या शनिवारी सगळं गाव पास झालं.

* * *

दर साली नापास व्हायचं ते एकच माणूस. शांताबाई.

ही बाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. टोळी निघण्याआधी मुकादमाच्या दारात कोयत्यांची पूजा होते, नारळ फुटतो, आणि मुकादमाची बायको रांगेतल्या प्रत्येकीच्या कपाळाला कुंकू लावते. रांगेतून बाजूला झालं की टोळीतूनही बाजूला. शांताबाई रांगेत उभी राहायची, आणि शनिवारी ते कबूलही करायची. तिचं चुकत होतं ते एवढंच.

मास्तर विचारायचे, "कुंकू लावून घेतलंत?"

"हाव."

"मग विश्वास कुठं राहिला?"

"मास्तर, कपाळावरचं घामानं जातंय. आतलं कशानं जाईल?"

मास्तर माझ्याकडं बघायचे, मी वर पत्र्याकडं. "नापास!"

तीन वर्षं ओळीनं नापास. दर वर्षी तिचं मागणं एकच. "टरक निघायच्या आदी एक डाव मेजापाशी येऊ द्या. फडात साप हाय, इचू हाय, कोण माघारी येतंय कोण न्हाई. तुकडा पोटात असला म्हंजी भ्या वाटत न्हाई."

बायको मला म्हणाली, "द्या की. तुमच्या घरची भाकर हाय का ती?"

मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम." ज्या तोंडानं म्हणालो, त्याच तोंडानं मांजरसुंब्याला रस्सा ओरपला होता.

* * *

गेल्या साली कोयत्यांची पूजा नेमकी रविवारी आली. पाळकसाहेब सभेसाठी सिरसाळ्याला. आम्ही पंधराएक जण प्रार्थनेला बसलेलो. तेवढ्यात गाड्यांवरून पाच-सहा पोरं आली. तोंडाला रुमाल, कुठली ते कळायला मार्ग नाही. एकानं दार अडवलं, एकानं मोबाइल धरला.

"हितं ख्रिश्चन कोण कोण हाय बे?"

पहिल्या बाकावर मास्तर. ताडकन उठले. "मी शिक्षक हाय. पोरं शाळेत कावून येत न्हाईत, ते बघायला आलतो."

रविवारी!

मग माझी पाळी. "मी मंडपवाला. खुर्च्या न्यायला आलोय." खोटं नव्हतं हो. खुर्च्या माझ्याच होत्या. पुरावा म्हणून दोन उचलल्यासुद्धा!

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. आणि मागच्या बाकावरून शांताबाई उभी राहिली. कपाळाला सकाळचं ठसठशीत कुंकू.

पोरगं म्हणालं, "काकू, तुमी आपल्याच. जावा घरी."

"कुंकू मुकादमाच्या घरचं हाय," ती म्हणाली. "मी येशूची हाय."

त्यानं परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. जाताना लाथ मारून मेज तेवढं पाडलं.

व्हिडिओ गावभर फिरला. गिरणीवाला शांताबाईचं दळण घेईना. ज्वारीचं गठुडं डोक्यावर घेऊन ती नेकनूरला जायची. मला मात्र त्या महिन्यात दोन मंडप जास्तीचे मिळाले. लोक म्हणायचे, "व्हिडिओत तुमच्या खुर्च्या लई चांगल्या दिसल्या!"

* * *

परीक्षेचा शनिवार आला. मेज सुताराकडून नीट होऊन आलं. रीत म्हणजे रीत, आम्ही पंच परीक्षेला बसलो! बाहेर ट्रक उभा. भांडी चढली, कोयते चढले, एक शेळीही चढली. मुकादम हॉर्नवर हॉर्न देतोय. पाळकसाहेबांनी तोडगा काढला होता, बाई पास झाली तर उद्याची वाट बघायची नाही, तिचा तुकडा आजच द्यायचा. भाकरीचं ताट माझ्या हातात.

शांताबाई आली, समोर बसली.

मास्तरांनी घसा साफ केला. "शांताबाई, तुमचा विश्वास खरा आहे का?"

तिनं मास्तरांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग मी बसलो होतो त्या खुर्चीकडं.

"ते त्या पोरांनी इचारलंय मला," ती म्हणाली आणि उठली.

हॉर्न वाजला. तिनं माझ्या हातातल्या ताटातून एक तुकडा उचलला आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवला. दुसरा माझ्या.

"घ्या. पोटात असला म्हंजी भ्या वाटत न्हाई."