डबल बेसला लावलेली चकती

पप्पांच्या डबल बेसला पिकअप बसवायचं मी ठरवलं ते रागाच्या भरात. आमच्या घरातली बरीचशी चांगली कामं अशीच होतात.

पप्पा भीमगीतांच्या एका गायन पार्टीत डबल बेस वाजवतात. माणसापेक्षा उंच, उभं धरून वाजवायचं ते वाद्य. वस्तीत त्याला कुणी डबल बेस म्हणत नाही, मोठं व्हायोलिन म्हणतात. मागच्या जयंतीला मी स्टेजसमोर बसले होते आणि माझ्या मागची एक बाई शेजारणीला म्हणाली, “ते मोठं व्हायोलिनवाले नुसतेच उभे राहतेत का गं?” मी मागं वळून तिला सुनावणार होते. पण त्या माउलीची काय चूक? ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि कोरसच्या चार बाया, एवढ्या गलक्यात पप्पांचा बेस मलाही ऐकू येत नव्हता, आणि मी तर कान देऊन बसले होते.

या वर्षी पार्टीत कुजबुज सुरू झाली. स्टेज लहान असतात, बेस दोन माणसांची जागा खातो. मग ठरलं की यंदा पप्पांना पुढं पाहुण्यांत बसवायचं आणि शाल देऊन सत्कार करायचा. आमच्याकडं माणसाला बाजूला करायचं असलं की आधी त्याचा सत्कार करतात. हा निरोप घेऊन स्वतः गायककाका आले होते. ते फुलंब्रीचे, पार्टीचे मुख्य गायक आणि पप्पांचे जुने दोस्त. पप्पा “बरंय” म्हणाले आणि त्या दिवशी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. मी काकांना सांगितलं, “एक रविवार द्या मला. बेसचा आवाज आला तर पप्पा वाजवतील, नाय आला तर तुमची शाल मी स्वतः त्यांच्या अंगावर घालते.”

हे धूड आमच्या घरी आलं त्याचीही गोष्ट आहे. तरुणपणी पप्पा एका हॉटेलात माळी होते. वेरूळ बघायला आलेले परदेशी पाहुणे तिथं उतरायचे आणि संध्याकाळी लॉनवर त्यांच्यासाठी बँड वाजायचा. पप्पा झाडांना पाणी घालता घालता बेसवाल्याची बोटं बघायचे. पुढं बँड बंद पडला, बेस गोदामात धूळ खात राहिला, आणि मॅनेजर एकदा “घेऊन जा हे” म्हणाल्यावर पप्पांनी तो हातगाड्यावर घालून घरी आणला. आई सांगते, लग्नानंतर घरात आलेली पहिली मोठी वस्तू हीच, कपाट नंतर आलं. नंतर पप्पा वाळूजला प्रेस शॉपमध्ये लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथंच राहिले. आठवडाभर पत्रा ठोकणाऱ्या मशिनी आणि रविवारी बेस, असं त्यांचं सगळं चाललं.

मी बिडकीनजवळच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर आहे, त्यामुळं सोल्डरिंग मला नवं नव्हतं. पिकअप म्हणजे रुपयाएवढी पितळी चकती. वाद्याचा कंप तिला कळतो, ती त्याची वीज करते, ती वायरीतून मिक्सरला जाते आणि तिथून स्पीकरला. सगळी गंमत चकती कुठं लावायची यात असते. आधी मी ती बेसच्या पोटावर चिकटवली. वायर जोडली तर शर्टाचं बटण घासल्याचाही आवाज यायला लागला आणि स्पीकर शिट्टी मारू लागला. “त्याचा ईसीजी काढायलीस का?” आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. मग मी ती घोडीच्या पायाखाली सरकवली, घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी. तिथं आवाज डब्यातून आल्यासारखा. शेवटी घोडीच्या कडेला जी खाच असते तिच्यात बुचाचा तुकडा घालून चकती हलकेच दाबून बसवली, आणि बेस बोलला. खालच्या तारेचा आवाज दिवाणावर बसलेल्या माझ्या मांडीपर्यंत आला.

दर वेळी मी विचारायची, “आता कसा येतोय?” आणि पप्पा स्पीकरवर तळहात ठेवून म्हणायचे, “बरंय.” तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी चकतीकडं बघत होते.

रविवारी दुपारी विहारात प्रॅक्टिस होती. मिक्सरवर मी. पप्पांनी फोनवरच्या सूर दाखवणाऱ्या ॲपचा काटा बघून तारा लावल्या, तसं मीच त्यांना शिकवलं होतं. पहिलं गाणं सुरू झालं, मी बेसचं बटण वर केलं आणि आवाज आला. मोठा, गोल आणि साफ बेसूर.

कोरसच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. गायककाका ओळ अर्धी सोडून थांबले. कीबोर्ड वाजवणारे मास्तर, ते खरोखरचे शाळामास्तर आहेत, अदबीनं म्हणाले, “ताई, वायरिंगमध्ये काहीतरी गडबड झाली बघा.” मी वायर बदलली. चकती दाबून बघितली. फोनचा काटा धरला तर चारी तारा जिथल्या तिथं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. पप्पा मात्र खुशीत होते. बऱ्याच वर्षांनी सगळे त्यांच्याकडं बघत होते.

मग मी चकतीकडं बघायचं सोडून पप्पांकडं बघितलं. त्यांची नजर मास्तरांच्या डाव्या हातावरून हलत नव्हती. मास्तरांचं बोट जिथं पडेल, तोच सूर पप्पा तारेवर धरत होते.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज उतरला. आधी ते काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून गायचे, नंतर काळी चारमध्ये, मधली पांढरी धरून दोन पट्ट्या खाली. मास्तरांचा हात काळी पाचवर बसलेला. त्यांनी कीबोर्डवरचं एक बटण दाबलं, त्यानं सगळा कीबोर्ड दोन पट्ट्या खाली वाजतो. बोटं जुन्याच जागी, सूर मात्र उतरलेले. कान असलेल्या माणसाला यात काहीच अडचण नव्हती. पप्पा बोटं बघून जुन्या सुरात वाजवत राहिले.

माझा विश्वास बसेना. मी त्यांच्या मागं जाऊन नेहमीच्या आवाजात म्हणाले, “पप्पा, चहा.” चहाला पप्पा कधी नाही म्हणत नाहीत. ते तसेच मास्तरांच्या हाताकडं बघत उभे राहिले. घरात आई कायम ओरडूनच बोलते, टीव्ही वस्तीला ऐकू जाईल असा असतो, आणि मी त्यांची एकुलती एक मुलगी, मला पत्ता नाही. स्वतःचीच मला लाज वाटली.

सगळे चहाला उठले. मी मास्तरांना बटण काढायला सांगितलं. ते प्रामाणिकपणे म्हणाले, “काढतो, पण मग मला वाजवता यायचं नाही.” काकांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्याही लक्षात आलं होतं. “बेटा, त्याला कायबी सांगू नको,” ते म्हणाले. “वायर राहू दे, मिक्सरचा लाइट चालू राहू दे. आवाज तेवढा मिक्सरवरून बंद ठेव. वाजवू दे त्याला. आता शालीचं मी नाव काढणार नाय.” त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी हे मायेनं सांगितलं होतं, आणि मला ते क्षणभर पटलंही. बटण खाली ओढलं की पप्पांची जागा वाचत होती. पण मग मी कशासाठी आठवडाभर घोडीला चकत्या लावत बसले होते? पप्पा पुन्हा नुसतेच उभे राहणार होते, आणि या वेळी मी उभं केलेले.

मी बेसजवळ गेले आणि फोन धरून चारी तारा दोन-दोन पट्ट्या खाली उतरवल्या. आता मास्तरांचं बोट बघून पप्पांनी जुन्याच जागी बोट ठेवलं तरी सूर खालचा आणि बरोबर निघणार होता. पाच मिनिटांचं काम.

पप्पा आले, बेस खांद्याला लावला आणि तारेवर बोट ठेवताच थांबले. “तार ढिली लागायली. कुणी उतरवली?”

मी त्यांना विहाराच्या पायरीवर नेलं आणि कानाजवळ तोंड नेऊन सगळं सांगितलं. मास्तरांचं बटण, काकांचा आवाज, सगळं. ते बुटांकडं बघत ऐकत होते.

“कवापासून?”

“काकांच्या ऑपरेशनपासून. दोन वर्षं.”

“दोन वर्षं मी चुकीचं वाजवलं, अन् कुणालाच समजलं नाय?”

“ऐकूच येत नव्हतं पप्पा कुणाला.”

ते हळू म्हणाले, “मलाबी नाय.” एवढ्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा कबूल केलं, आणि मला रडू आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उठून आत गेले.

गाणं पुन्हा सुरू व्हायच्या आधी मी सावधपणानं बेसचं बटण अर्ध्यावर आणलं. पप्पांचं लक्ष होतं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि हातानं वर, अजून वर अशी खूण केली.

“वाढीव,” ते म्हणाले. “चुकलो तर कळू दे समद्यांला.”