वाक्यातला कर्ता

उत्तरा मोडक एकोणीस वर्षं परदेशात इंग्रजी शिकवून आली, तरी कोपरच्या तिच्या बिल्डिंगमध्ये तिला 'दुबईच्या मॅडम' म्हणतात. दुबईला ती विमान बदलायला दोनदा उतरली असेल तेवढीच. सुरुवातीला ती सांगायची, दुबई नाही हो, आधी इथिओपिया आणि मग ओमान. पुढे सांगायचाही कंटाळा आला. आता कोणी तशी हाक मारली की ती नुसती मान हलवते आणि जिना चढायला लागते.

ठाण्यातल्या एका कॉलेजात तिने आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. दर जूनमध्ये वाटायचं, यंदा कायम करतील. लग्न आधी जमलं नाही, नंतर तो विषयच मागे पडला. चौतिसाव्या वर्षी पेपरातली जाहिरात पाहून तिने अर्ज केला आणि इथिओपियातल्या बाहिर दार नावाच्या गावी जाऊन पोचली.

पहिल्याच तासाला तिने वर्गाला विचारलं, समजलं का? पुढच्या बाकावरच्या मुलाने दचकल्यासारखा श्वास आत ओढला. मग त्याच्या शेजारच्याने. तिला वाटलं, आपल्या मागे भिंतीवर पाल आहे की काय. तिने वळूनसुद्धा पाहिलं. तिकडे असा श्वास ओढूनही 'हो' म्हणतात, हे कळायला महिना गेला. तोवर तिने तोच धडा चार वेळा शिकवला होता आणि पोरांनी बिचाऱ्यांनी तो चारही वेळा निमूट ऐकला होता.

पुढे ओमानमध्ये, निझव्याला, मुलींच्या वर्गात तिने एकीच्या अक्षराचं तोंडभरून कौतुक केलं, तर सगळा वर्ग गप्प झाला. तास संपल्यावर एका मुलीने हळूच सांगितलं, टीचर, कौतुक केलं की 'माशाल्ला' म्हणायचं, नाहीतर दृष्ट लागते. उत्तराला हसू आलं. तिची स्वतःची आई डोंबिवलीत मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायची.

प्रत्येक देशात पहिलं वर्ष असं चुका करण्यात आणि त्या निस्तरण्यात जायचं. बरं, एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे कामी येईल असंही नाही. त्रेपन्नाव्या वर्षी ती परत आली तेव्हा तिला खरं तर कोणालाच काही शिकवायचं नव्हतं. पण नुसतं बसून राहणंही जमेना. म्हणून कोलशेतला ऑफिस असलेल्या एका ऑनलाइन कंपनीत ती लागली आणि घरबसल्या लॅपटॉपवर जपानच्या, तुर्कस्तानच्या, व्हिएतनामच्या लोकांना इंग्रजी शिकवू लागली. तुर्की मंडळी चुकत का होईना पण घडाघडा बोलत. व्हिएतनामी मुलं ती सांगेल ते सगळं लिहून घेत. जपानचे हायाशी-सान, म्हणजे हायाशीसाहेब, मात्र बोलतच नसत.

हायाशी एकाहत्तर वर्षांचे होते, नागोयाजवळच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचा तास सकाळी सहाला असे. तिकडे तेव्हा साडेनऊ वाजलेले असत. काल काय केलंत, असं विचारलं की ते टेबलाकडे बघत बसत. दहा सेकंद, वीस सेकंद. मग एक नेटकं वाक्य येई आणि पुन्हा शांतता. उत्तरा थांबायची. थांबण्याचं तिला काही वाटत नसे; उलट दिवसभरातला तेवढाच तास तिचा घसा दुखत नसे.

पण कंपनी प्रत्येक तास रेकॉर्ड करायची आणि विद्यार्थी किती मिनिटं बोलला ते कॉम्प्युटर मोजायचा. एप्रिलमध्ये ऋजुताचा फोन आला. ऋजुता तिची सुपरवायझर. सव्वीस वर्षांची, मुलगी म्हणून शोभेल अशी.

"मॅडम, राग नका मानू हां, पण तुमच्या सहाच्या क्लासमध्ये डेड एअर खूप येतोय. सिस्टिम रेड दाखवते."

"ते विचार करत असतात गं."

"हो ना मॅडम, मला कळतंय. सिस्टिमला नाही ना कळत! तुम्ही मध्येमध्ये काहीतरी बोला. ऑप्शन द्या त्यांना."

"बघते," उत्तरा म्हणाली, आणि तिने काही बघितलं नाही.

त्याच आठवड्यात हायाशींनी एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मिस्टेक वॉज हॅपन्ड.' बरोबर आहे का, त्यांनी विचारलं. उत्तराने व्याकरण सुधारून दिलं आणि सवयीने विचारलं, "कोणाची चूक?"

हायाशी टेबलाकडे बघत राहिले. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळात पूर्ण मिनिट उलटलं. मग ते म्हणाले, "माझी."

पुढच्या तीन तासांत तुकड्यातुकड्याने हकिगत बाहेर आली. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली रामील नावाचा एक फिलिपिनो मुलगा शिकायला होता. एक दिवस तो म्हणाला, प्रेस मशीनचा आवाज वेगळा येतोय. हायाशी घाईत होते. ते सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडले आणि काम चालू ठेवायला लावलं. तासाभरात मुलाची दोन बोटं गेली. चौकशीच्या कागदावर चूक त्या मुलाचीच लिहिली गेली आणि हायाशींनी खाली सही केली. आता कोणाकडून तरी त्याचा पत्ता मिळाला होता आणि त्यांना पत्र लिहायचं होतं. इंग्रजी शिकायचं ते एवढ्यासाठी.

मग पाठ्यपुस्तक बाजूला राहिलं. हायाशी दर तासाला नवा मसुदा आणत: मशीनच्या आवाजाकडे दुर्लक्ष झालं. मोठ्याने बोललं गेलं. सही केली गेली. उत्तरा प्रत्येक वाक्यापाशी एकच प्रश्न विचारायची, "कोणी?" जपानी वाक्यात कर्ता गाळला तरी चालतं, सगळ्यांना कळतं, आणि कोणाला बोचतही नाही. इंग्रजीत तो लिहावा लागतो; कर्मणी प्रयोगाची पळवाट उत्तरा घेऊ देत नसे. 'आय' हे एक अक्षर लिहिताना त्या म्हाताऱ्या माणसाच्या कपाळावर घाम यायचा. तो पुसून ते म्हणायचे, "वन्स मोअर, प्लीज."

जूनमध्ये पत्र पुरं झालं. त्यात लिहिलं होतं: तू मला सांगितलंस की मशीनचा आवाज बरोबर नाही. मी तुझ्यावर ओरडलो. मी तुला काम करायला लावलं. चूक तुझी होती, असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली. चूक माझी होती.

त्या दिवशी लॅपटॉप मिटताना उत्तराला आई आठवली. आई शेवटची चार वर्षं अंथरुणावर होती, कोलशेतला, मोठ्या बहिणीकडे, चित्राताईकडे. उत्तरा तेव्हा निझव्याला. कोणी विचारलं की ती सांगायची, यायचं राहून गेलं. जमलंच नाही. सुट्टीच मिळाली नाही. तिन्ही वाक्यांत ती स्वतः कुठेच नव्हती.

रविवारी ती कोलशेतला गेली. चित्रा तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. खाडीच्या बाजूच्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर राहते. ती मेथी निवडत बसली होती. उत्तराही एक जुडी पुढ्यात घेऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, आईच्या शेवटच्या वर्षी मला सुट्टी मिळत होती. मी घेतली नाही. तुला मी खोटं सांगितलं."

चित्राचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे मला."

"कसं?"

"सुट्टी नाही म्हणालीस, आणि त्याच आठवड्यात डोंगरावरच्या सहलीचा फोटो पाठवलास आईला. तिनेच दाखवला मला. म्हणाली, बघ गं, किती बारीक झालीय उत्तरा."

उत्तरा मेथीची तीच काडी पुन्हा खुडत राहिली.

"का नाही आलीस?" चित्राने विचारलं.

"भीती वाटायची. आले की इथेच राहावं लागेल, तिचं सगळं करावं लागेल, अशी."

"मला नाही वाटायची भीती?" चित्रा आता तिच्याकडे बघत होती. "रात्रीतून तीनदा चादर बदलायचे मी. मी कुठल्या देशात जाणार होते?"

ती उठून आत गेली. बेसिनचा नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर आली तेव्हा पदराने हात पुसत म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ नकोस. मला जरा एकटीला राहू दे काही दिवस."

उत्तराने निवडलेली मेथी ताटात सारली आणि निघाली. हलकं वगैरे काही वाटलं नाही तिला. ठाण्याला जाणाऱ्या बसमध्ये ती नखांतली मेथीची माती काढत बसली.

जुलैच्या मध्यावर रामीलचं उत्तर आलं. हायाशींनी ते स्क्रीनवर दाखवलं. एकच ओळ होती: नो प्रॉब्लेम सर, लाँग टाइम ऑलरेडी, गॉड ब्लेस. पुढे एक हसरा चेहरा.

"टीचर," हायाशींनी विचारलं, "नो प्रॉब्लेम म्हणजे काय? तेव्हा काही प्रॉब्लेम झालाच नव्हता, असा अर्थ आहे का?"

उत्तराने ती ओळ पुन्हा वाचली. तिच्या देशातही लोक उठताबसता नो प्रॉब्लेम म्हणतात. माफ केलं म्हणून म्हणतात, विषय नको म्हणून म्हणतात, काहीच वाटत नाही म्हणूनही म्हणतात. माणूस समोर असला तर चेहऱ्यावरून कळतं. ओळीवरून कसं सांगणार?

"मला माहीत नाही, हायाशी-सान," ती म्हणाली. इतक्या वर्षांत विद्यार्थ्याला असं उत्तर तिने पहिल्यांदाच दिलं.

हायाशींनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "तरी पत्र पाठवलं ते बरं झालं. मी पाठवलं." आणि पुढच्या तासापासून त्यांनी पुन्हा पाठ्यपुस्तक उघडलं, विमानतळावर सामान हरवल्याचा धडा होता.

ऑगस्टमध्ये ऋजुताने कळवलं की अजून एक रेड आला तर सहाचा तास दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल. ती बिचारी स्वतःच ओशाळली होती. उत्तरा म्हणाली, "दे गं. फक्त जो येईल त्याला सांग, घाई करू नकोस म्हणून."

त्यानंतर आठवड्याभराने चित्राचा फोन आला. आवाजावरून राग आहे की नाही ते कळत नव्हतं.

"शुक्रवारी सकाळी गुडघ्याचा एक्स-रे काढायचाय. आठला बोलावलंय. येशील?"

शुक्रवारी हायाशींचा तास होता; तो अजून तिच्याकडेच होता आणि तो संपवून कोपरहून आठला पोचणं जमलं नसतं. "येते," उत्तरा म्हणाली. तास तिने आदल्या दिवशी रद्द केला.

हॉस्पिटलात गर्दी होती. दोघी बाकावर शेजारीशेजारी बसल्या. चित्राने विचारलं, नाश्ता केलास का, आणि उत्तराने सांगितलं, पोहे खाल्ले. नाव पुकारल्यावर चित्रा हाताने गुडघा दाबत उठली, पर्स आणि चष्मा उत्तराच्या मांडीवर ठेवला आणि आत गेली.